लेक असली भयाण पुस्तकं काऊन वाचते?

वाचकाचं पत्र :

‘माझी मुलगी दहावीत आहे, वय १५. लहानपणी परीकथा, मग गुप्तहेरांच्या गोष्टी वाचायची. वर्षभरापासून मात्र एकच प्रकार. जग बुडालेलं, सरकार लोकांना छळतंय, मुलं एकमेकांच्या जिवावर उठलीत. मुलं याला डिस्टोपियन म्हणतात. शाळेच्या लायब्ररीतून “द गिव्हर” आणलं, मैत्रिणीकडून “द हंगर गेम्स”चा पहिला भाग आणला, आता पुढचे दोन भाग विकत हवेत. मी नाही म्हटलं. ह्यांचं म्हणणं, दहावीच्या वर्षात हे निगेटिव्ह खूळ नकोच. सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेला असलं अभद्र वाचू नये. परवा तिच्या वहीत मला एक यादी सापडली, “घर सोडावं लागलं तर”. त्यात टॉर्च, प्लास्टिकमध्ये सर्टिफिकेटं, आजीच्या गोळ्या, पिण्याचं पाणी, चार्जर आणि शेजारच्या काकूंच्या मांजरीसाठी पिशवी. वाचून माझ्या पोटात गोळाच आला. एरवी ती ठीक आहे. क्लासच्या ॲपवर रोज मार्क येतात, लोकेशनही आमच्या फोनवर दिसतं, म्हणजे आमचं लक्ष आहे. २०२३ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं होतं, तेव्हा थोडी घाबरट झाली होती, पण ते मागे पडलं. मुलांना हे असलं का आवडतं? तिला काही मानसिक त्रास तर नसेल? त्यापेक्षा “श्यामची आई”सारखं संस्कारक्षम काही हातात द्यावं का?’

– नागपूरच्या अंबाझरी ले-आउटमधील एक आई

ताई,

आधी यादीचं बोलू, कारण तुमची झोप उडवली ती तिनंच. मी ती यादी वाचली आणि मला तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण हे सदर पुण्या-मुंबईकडचेही वाचतात म्हणून सांगते. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, एरवी नाल्यासारखी दिसणारी नाग नदी रस्त्यावर आली आणि लोकांनी पलंगावरून पाय खाली टाकले ते थेट पाण्यात. माणसं काढायला बोटी आणाव्या लागल्या. तुमची लेक तेव्हा तेराची असेल. त्याच्याही आधी, नऊ-दहा वर्षांची असताना, तिनं टाळेबंदी बघितली. गर्दीनं फुललेली बर्डीची बाजारपेठ रिकामी बघितली. सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत मार्च २०२१ मध्ये नागपूर पुन्हा आठवडाभर बंद झालं. तुमच्या-माझ्या लहानपणी जग बुडण्याच्या गोष्टी खरोखरच गोष्टी होत्या. या पोरांनी त्यातला थोडाथोडा भाग घरच्या खिडकीतून बघितलाय.

तुम्ही लिहिता, ते मागे पडलं. तुमच्यापुरतं पडलं असेल. सोफा बदलला, भिंतींना रंग दिला, विम्याचे कागद भरले. तिच्या वाट्याला असं कुठलं काम आलं? घाबरलेल्या मुलांना आपण ‘तू अभ्यास कर, आम्ही आहोत ना’ म्हणतो आणि बाजूला बसवतो. म्हणून तिनं आपलं काम आपणच काढलं, यादी केली. तिसऱ्या नंबरवर काय आहे बघितलंत ना? आजीच्या गोळ्या. स्वतःचा चार्जर पाचवा. आणि शेवटी शेजारचं मांजर! जगाचा वीट आलेलं पोर सहसा दुसऱ्याच्या मांजरासाठी पिशवी शोधत बसत नाही. जमलं तर त्या यादीत तुम्हीही भर घाला. सर्टिफिकेटं डिजिलॉकरमध्येही टाकून ठेवा, आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी लॅमिनेट करून घ्या.

आता मुलांना हे का आवडतं, ते बघू.

मी इथल्याच एका शाळेत बरीच वर्षं लायब्ररी सांभाळली. ‘द हंगर गेम्स’ची आमच्याकडे एकच प्रत होती आणि ती कपाटात कधी दिसायचीच नाही. खाकी कव्हर फाटलेलं, शिवण उसवलेली, मधल्या पानांवर तर्रीचे डाग. वर्गातला डबा आणि हे पुस्तक एकाच वेळी उघडलं जात असणार. एकदा नववीतल्या एका मुलीनं ती परत केली तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं गणित मांडलेलं होतं. रागवायला तोंड उघडलं, पण गणित वाचलं आणि गप्प बसले.

गोष्ट अशी आहे. एक राजधानी आहे आणि तिच्या ताब्यात बारा जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यानं १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. ही चोवीस मुलं एका मैदानात सोडतात, एकच उरेपर्यंत ती एकमेकांना मारतात आणि सगळ्या देशाला ते टीव्हीवर बघावं लागतं. नावं चिठ्ठ्या टाकून काढतात. बाराव्या वर्षी तुमची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दरवर्षी एकेक वाढते. इथवर सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल मिळतं, कसंबसं पुरेल एवढं. त्या चिठ्ठ्याही जुन्यांत जमा होत जातात. नायिका कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले. घरात ती, आई आणि धाकटी बहीण. म्हणजे वर्षाला एक सक्तीची आणि तीन धान्याच्या, मिळून चार. पाच वर्षांत वीस. तिच्या मित्राच्या घरी खाणारी तोंडं पाच, तो १८ वर्षांचा. वर्षाला सहा, सात वर्षांत बेचाळीस. पुस्तकात हे आकडे दिलेत, पण ते कुठून आले हे त्या मुलीनं स्वतः काढून बघितलं होतं. आणि गणिताखाली लिहिलं होतं, ‘ज्याच्या घरी खायचे वांधे, त्याच्याच चिठ्ठ्या जास्त. मंग याला नशीब काऊन म्हणायचं?’

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समान संधीवर धडा असतो. तो वाचून कुठल्या मुलीनं असा प्रश्न लिहिलेला मी बघितला नाही.

दुसरा एक मुलगा उमरेडकडचा, वडील वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीच्या खाणीत. कॅटनिसचा बारावा जिल्हा कोळशाच्या खाणींचा. पुरुष काळवंडून घरी येतात, कोळसा राजधानीला जातो आणि खुद्द जिल्ह्यात वीज दिवसातून काही तासच. हा पोरगा पुस्तक काउंटरवर ठेवत म्हणाला, ‘मॅडम, विदर्भाचे जिल्हे अकरा. बारावा हा.’ कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख ज्यांच्या गच्चीवर पडते आणि वीज कुठे कुठे जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. अनुशेषावरची भाषणं ऐकून जी मुलं जांभया देतात, तीच या पुस्तकावर तासभर भांडायची.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, ताई. या वयाच्या मुलांना या पुस्तकांतला काळोख आवडत नाही. त्यांना आवडतो त्यातला खरेपणा. बारा-तेराव्या वर्षापर्यंत नियम म्हणजे नियम असतो, पाऊस पडतो तसा. त्यानंतर डोक्यात ‘असं नसतं तर?’ हा विचार करायची ताकद येते आणि अचानक दिसायला लागतं की प्रत्येक नियम कोणीतरी माणसानं केलाय, आपल्या सोयीनं केलाय आणि तो मोडतानाही मोठी माणसंच दिसतात. हे दिसलं की मूल संतापतं. संतापून बोलायला गेलं की आपण म्हणतो, ‘मोठी झालीस की कळेल.’ नेमकं त्याच वेळी एक पुस्तक त्याच्या हाती येतं आणि सांगतं, तुला दिसलं ते बरोबर आहे. मग सांगा, मूल कोणाचं ऐकेल?

सासूबाईंना अभद्र वाटतं, त्यांना एकचक्रानगरीची आठवण करून द्या. आदिपर्वातली गोष्ट आहे, त्यांना पाठ असेल. गावाबाहेर बकासुर. तो गावाचं रक्षण करतो म्हणे, आणि त्याबदल्यात रोज एका घरानं गाडीभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. पाळी ठरलेली. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव लपून राहिलेले असतात, त्याच्या घरावर पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. सगळे रडताहेत आणि एवढ्यात बोबडं बोलणारं लहानगं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, हिनं मी त्या राक्षसाला मारतो! त्या दुःखातही सगळ्यांना बरं वाटतं. पुढे कुंती भीमाला पाठवते.

हजारो वर्षं आपण ही गोष्ट पोरांना मांडीवर बसवून सांगतोय. तीत काय नाही? माणसांची पाळी लावणारी व्यवस्था आहे, ती मुकाट्यानं चालवून घेणारं गाव आहे, आपला राजा कुचकामी आहे अशी त्या ब्राह्मणाची तक्रारसुद्धा आहे. २००८ मध्ये आलेलं ‘द हंगर गेम्स’ लेखिका सुझान कॉलिन्सनं लिहिलं ते अशाच एका ग्रीक कथेवरून. अथेन्सनं क्रीटच्या राजाला सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या आणि भुलभुलैयातल्या मिनोटॉरनं त्यांना खायचं. एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराकचं युद्ध दिसलं, दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळले, आणि त्यातून ही कल्पना सुचली असं तिनं सांगितलंय. फरक म्हणाल तर एकच, पण मोठा. जुन्या गोष्टीत काडी उचललेल्या पोराचं कौतुक होतं आणि राक्षस मारायला भीम जातो. या पुस्तकांत भीम येतच नाही. काडीवालं पोरच जातं. पंधरा वर्षांच्या मुलीला कुठली गोष्ट आपली वाटेल?

मिस्टरांच्या ‘निगेटिव्ह’बद्दल फार लिहीत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे पीडेचे मोठाले पुतळेच, सोबत त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, रोगराईचे, पुढाऱ्यांचे बडगे असतात. ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणत अख्खं गाव ओरडतं आणि मग ते सगळं जाळतात. बहुधा त्यांच्या वडिलांनीही त्यांना खांद्यावर बसवून ती दाखवली असेल. भीतीला हातपाय-तोंड दिलं की तिची मिरवणूक काढता येते आणि शेवटी तिला काडी लावता येते. लेकीच्या पुस्तकांचं कामही बरंचसं तेच. त्यांना विचारा, मारबत निगेटिव्ह का?

आता थोडं अवघड बोलते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं. ‘क्लासच्या ॲपवर रोज मार्क येतात, लोकेशनही आमच्या फोनवर दिसतं, म्हणजे आमचं लक्ष आहे.’ तुम्ही ते मला धीर द्यायला लिहिलंत. पण हेच वाक्य तुमच्या लेकीच्या बाजूनं वाचून बघा.

तिनं आणलेलं ते ‘द गिव्हर’. लोइस लाउरीचं, १९९३ चं. ते तुम्ही वाचलं नसेल तर दोन दिवसांत वाचून होईल एवढंच आहे. त्यात कोणी कोणाला मैदानात मारत नाही. उलट सगळं छान आहे. भूक नाही, भांडण नाही, घरातली माणसं रोज संध्याकाळी एकमेकांना आपल्या भावना सांगतात. मूल बारा वर्षांचं झालं की वडीलधाऱ्यांची समिती त्याला त्याचं काम नेमून देते, कारण त्याच्यासाठी काय चांगलं हे समितीला जास्त कळतं. प्रत्येक घरात एक स्पीकर आहे, त्यावरून सूचना येत राहतात आणि तो बंद करता येत नाही. नायक जोनास एकदा ज्या म्हाताऱ्याकडे शिकायला जातो, त्याच्या खोलीतल्या स्पीकरला बटण असतं. म्हातारा ते बंद करतो. जोनास चाट पडतो. हे बंद होऊ शकतं? माझ्या टेबलाशी बसून ते पान वाचणाऱ्या मुलांचे चेहरे मी बघितलेत. मोठ्यांना त्या पानावर काही विशेष दिसत नाही.

मी तुम्हाला व्हिलन ठरवत नाहीये. रात्री साडेआठला क्लास सुटतो, वर्धा रोडवर ट्रक कसे येतात ते मला दिसतं, मीही लोकेशन मागितलं असतं. पण आपण मुलांभोवती काय उभं केलंय तेही बघायला हवं. आठव्या वर्गापासून फाउंडेशन, मार्कांप्रमाणे बॅच, टेस्टचा निकाल मूल घरी पोचायच्या आधी आईच्या फोनवर. पुढे दोन वर्षांनी ७२० मार्कांचा एक पेपर. २०२४ साली नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली होती आणि त्या परीक्षेचा पुढे पेपरफुटीवरून केवढा तमाशा झाला तो मुलांनीही बातम्यांत बघितला. जिला रोज क्रमांक मिळतो, जिचा ठिपका कोणाच्या तरी स्क्रीनवर सतत फिरत असतो, तिला नजर ठेवणाऱ्या राजधानीची गोष्ट परग्रहावरची वाटत नाही.

आणि वही. ती तुम्हाला ‘सापडली’ असं तुम्ही लिहिलंय. दप्तर आवरताना सापडली असेल, पण पानं उलटली ती तुम्ही. म्हणून आधी एक काम करा. तिला सरळ सांगा, ‘तुझी वही मी वाचली, विचारायला हवं होतं, चुकलं माझं.’ ती चिडेल. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. चिडू द्या. पण ज्या घरात आई ‘चुकलं माझं’ म्हणते, त्या घरात पुढे मूल स्वतःहून बोलायला येतं. लोकेशनचंही तिला विचारून ठरवा. क्लासला जाता-येता चालू, मैत्रिणीकडे बसल्यावर बंद, असं काहीही. आणि टेस्टचा निकाल आधी तिनं सांगायचा, मग तुम्ही ॲप उघडायचं. एवढ्यानं तुमचं लक्ष काही कमी होणार नाही.

सगळीच पुस्तकं चांगली असतात असं मात्र म्हणणार नाही. ‘द हंगर गेम्स’ खपल्यावर त्याच्या नकलांचा पूर आला. जग बुडालेलं, एक मुलगी, तिच्यावर मरणारे दोन देखणे मुलगे आणि तीन भाग. त्यातली बरीचशी दुसऱ्या भागात दम टाकतात. ती वाचून बिघडत काही नाही, वेळ मात्र जातो, आणि दहावीत तो थोडा कमीच असतो. ऑरवेलचं १९४९ मधलं ‘१९८४’ मागितलं तर दोन वर्षं थांब म्हणा. मनाई म्हणून नाही. त्याचा शेवट मोठ्यांसाठी लिहिलाय, तिथे माणूस पुरता मोडतो. किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सहसा एक फट उघडी ठेवलेली असते. कोणीतरी पळतं, कोणीतरी नाही म्हणतं, आणि ते नाही म्हणणं दुसऱ्याला दिसतं. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शक कॅटनिसची तीन बोटं उंचावण्याची खूण करायला लागले, २०२१ मध्ये म्यानमारमध्येही तेच झालं. लष्करी राजवटीसमोर एका किशोर-कादंबरीतली खूण! निराश व्हायला शिकवणाऱ्या पुस्तकातून असं काही बाहेर पडत नाही.

तिला काही मानसिक त्रास आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुस्तकाकडे बघून देता येणार नाही, मुलीकडे बघूनच द्यावं लागेल. जेवण तुटलंय का? झोप फार कमी किंवा फार जास्त झालीये का? मैत्रिणी सुटल्यात का? आवडायचं तेही आता नकोसं झालंय का? स्वतःला इजा केल्याच्या खुणा, जिवाभावाच्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं बोलणं? यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर तज्ज्ञांना भेटा, मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल तर दोन आठवडेही थांबू नका, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आई म्हणून तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पत्रात दिसते ती वाचणारी, मैत्रिणीशी पुस्तकं बदलणारी, याद्या करणारी मुलगी. पुराची भीती अजून आहे का, एवढं मात्र विचारा. पावसाळ्यात रात्री उठून बाल्कनीत जाऊन बघते का? माझ्या ओळखीतली बरीच मोठी माणसंही बघतात.

‘श्यामची आई’ जरूर द्या. पण ‘हे वाच म्हणजे ते सुटेल’ असं काढ्यासारखं देऊ नका, नाहीतर तीही बिचारी बदनाम होईल. देताना एक गोष्ट सांगा. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिली. राज्यकर्त्यांना नाही म्हटलं म्हणून कोठडीत गेलेला माणूस रात्री आईच्या आठवणी लिहितोय, हे कळल्यावर तुमची लेक ते पुस्तक वेगळ्या नजरेनं उघडेल. मराठीतच तिच्या आवडीचं हवं असेल तर जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’ शोधा. माणसानं घडवलेली हुशार यंत्रं माणसाच्याच मुळावर आली तर काय, हा त्यातला प्रश्न आहे, आणि तो सध्या तिच्या फोनमध्येच येऊन बसलाय. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारा, नवंही मिळतं.

एक पुस्तक तुम्ही स्वतः वाचा. ‘द गिव्हर’पासून सुरुवात करा, छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे. वाचून झाल्यावर तिला ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारू नका. त्या प्रश्नानं भले भले वाचक मेलेत. जेवताना सहज विचारा, ‘त्यांच्या नियमांतला तुला सगळ्यात वाईट कोणता वाटला?’ आणि मग ऐका. एखादं उत्तर आपल्या घरावर, आपल्या क्लासवर, शाळेवर येऊन आदळेल. तेव्हा लगेच खुलासा करायला धावू नका. भाजी वाढा आणि पुढचं बोलू द्या. सासूबाईही शेजारी असतील तर उत्तमच, बकासुर त्यांनी सांगावा. कोणाची गोष्ट जास्त भयंकर यावर दोघींची पैज लागली तर मला कळवा.

आणि पुढचे भाग. दुसरा आणून द्या, तोच तिघांत सगळ्यात वेगवान आहे, दोन रविवारांत संपवेल. वाचायची वेळ तिच्याशीच बोलून ठरवा, उजेडात की तिन्हीसांजेला हा प्रश्न आजी-नातीनं आपसात सोडवावा. तिसरा भाग तिच्यासाठी घेऊनच ठेवा, पण बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की देईन असं सांगा. कारण विचारलं तर खरं सांगा की तो वाचून मुलं रडतात आणि पुढचे दोन-तीन दिवस बीजगणितात कोणाचं मन लागत नाही. लपवून मात्र ठेवू नका, त्या मुलीला याद्या करता येतात, ती शोधून काढेलच.